इंदूरचा खड्डा आणि सर अल्बर्ट हॉवर्ड



ऊस तुटून गेला की संध्याकाळी शिवारात जागोजाग धूर दिसायला लागतो. पाचट पेटवलेले असते. त्याच रानात पुढे आठ-पंधरा दिवसांत खताच्या गोण्या उतरतात आणि दुकानदाराच्या वहीत आपली उधारी चढते. रानातले फुकटचे जाळायचे आणि बाजारातले विकत आणायचे, हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही वावगे आहे असे आपल्याला वाटतही नाही. एका माणसाला मात्र हा व्यवहार शंभर वर्षांपूर्वीच खटकला होता. तो माणूस इंग्रज होता, सरकारी नोकर होता, आणि आपल्याला शेती शिकवायला म्हणून आला होता. शिकला मात्र तोच. त्याचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

कंपोस्टची इंदूर पद्धत हे शब्द तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असतील. प्रशिक्षणात दोन ओळींत ती सांगितली जाते, परीक्षेत पाच मार्काला येते आणि विसरली जाते. ती काढणारा कोण होता आणि तो तिथवर कसा पोचला, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा. इंग्लंडमधल्या श्रॉपशायर भागातले बिशप्स कॅसल हे त्यांचे गाव. घरची शेती होती, हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांचा सगळा स्वभाव त्यातूनच आला. शिक्षण लंडनला आणि केंब्रिजला झाले. १८९९ साली वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसला बुरशीशास्त्रज्ञ म्हणून नोकरी लागली. उसाचे आणि कोकोचे रोग तपासायचे काम. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहायची, तिचे नाव लिहायचे, मळेवाल्याला औषध सांगायचे. या कामाचा त्यांना लवकरच वीट आला. स्वतःच्या हाताखाली एक गुंठाही जमीन नाही, सांगितलेला उपाय स्वतः करून बघितलेला नाही, आणि दुसऱ्याला उपदेश करायचा, हे त्यांना पटेना. आम्हा खात्यातल्या माणसांना ही गोष्ट जरा झोंबणारीच आहे, पण खरी आहे. १९०२ नंतर ते इंग्लंडला परतले आणि वाय इथल्या कृषी कॉलेजात हॉप्स या वेलावर दोन-तीन वर्षे काम केले.

१९०५ साली ते हिंदुस्थानात आले. त्या वेळी लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय होते आणि बिहारमध्ये पुसा या ठिकाणी मोठी कृषी संशोधन संस्था उभी राहत होती. आज दिल्लीतल्या संस्थेला आपण पुसा म्हणतो ते नाव या बिहारच्या गावाचे. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली, नाव मात्र सोबत आले. हॉवर्ड यांची नेमणूक सरकारी आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून झाली. काम होते गव्हाचे नवे वाण काढण्याचे, आणि ते त्यांनी चोख केले. पुसा ४ आणि पुसा १२ हे त्यांचे गहू पुढे उत्तर भारतात दूरवर पसरले.

इथे त्यांच्या पत्नीचे नाव घ्यायलाच हवे. गॅब्रिएल मॅथाई या स्वतः केंब्रिजच्या वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०५ मध्येच त्यांचे लग्न झाले, आणि पुढची पंचवीस वर्षे दोघांनी एकाच शेतात, एकाच टेबलावर काम केले. अहवालांवर दोघांची नावे आहेत. पिकांच्या मुळांचा जो बारीक अभ्यास त्या काळी झाला त्यात या बाईंचा वाटा फार मोठा होता. आपल्याकडे नवऱ्याच्या नावाखाली बायकोचे काम झाकून जाते, तसे इथेही बरेच झाले. हॉवर्ड यांनी स्वतः मात्र ते झाकले नाही.

पुसाला हॉवर्ड यांनी पहिल्यांदा हट्ट धरला तो जमिनीचा. ७५ एकर रान त्यांना मिळाले. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी त्या वेळच्या साहेबाला शोभणारी नव्हती. आसपासचे शेतकरी काय करतात ते ते बघत बसले. त्यांच्या ध्यानात आले की या लोकांच्या पिकांवर कीड-रोग फारसे नाहीत, आणि फवारायला तर त्यांच्याकडे काहीच नाही. मग हे होते कसे? त्यांनी ठरवले की आपण या शेतकऱ्याला गुरू करायचे, आणि दुसरा गुरू किडीला. कीड एखाद्या पिकावर पडली तर तिला मारायची घाई करायची नाही. ती का पडली ते आधी बघायचे. वाण या मातीला जुळत नाही का, पाणी साचते का, मुळांना हवा मिळत नाही का, जमिनीत कुजलेले खत संपले आहे का? कीड ही चुकीची खूण आहे, असा त्यांचा विचार होता.

आपले जुने लोक ज्वारीत तूर आणि गव्हात हरभरा घ्यायचे. त्याला शास्त्रज्ञ मंडळी मागासलेपणा म्हणत असत. हॉवर्ड दांपत्याने मुळे उकरून बघितली. कोणाची मुळे वरच्या थरात पसरतात, कोणाची खोल जातात, हे मोजले, आणि मिश्र पिकाला पक्का आधार आहे हे दाखवले. आज कृषी विद्यापीठे आंतरपिकाची शिफारस करतात तेव्हा आपण ती नवी गोष्ट म्हणून ऐकतो. ती आजोबांचीच होती.

आता बैलांची गोष्ट. हॉवर्ड यांनी स्वतःच्या कामासाठी बैल मागून घेतले, त्यांना आपल्याच रानातला हिरवा चारा व दाणा घातला, गोठा स्वच्छ ठेवला. शेजारी सरकारी फार्मची जनावरे होती, मध्ये फक्त बुटके कुंपण. त्या जनावरांत लाळ-खुरकत आली. हॉवर्ड यांचे बैल कुंपणावरून त्या आजारी जनावरांच्या नाकाला नाक लावायचे, तरी त्यांना काही झाले नाही. हॉवर्ड यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की चांगल्या मातीतला चारा खाणारे जनावर रोगाला दाद देत नाही. गोष्ट ऐकायला छान आहे, पण मित्रांनो, इथे मी तुम्हाला हाताला धरून थांबवणार आहे. काही बैलांना रोग झाला नाही याचा अर्थ सकस चाऱ्याने लाळ-खुरकत टळते असा होत नाही. हा रोग विषाणूचा आहे आणि त्यावर लस आहे. जनावराला चांगले खाऊ घाला आणि लसही टोचून घ्या. हॉवर्ड मोठे होते, पण एका अनुभवावरून मोठा नियम बांधायची त्यांना सवय होती. ती आपण घेऊ नये.

उन्हाळ्यात हॉवर्ड दांपत्य क्वेट्टाला जात असे. हा भाग आता पाकिस्तानात आहे. तिथे फळबागा आणि पाटपाण्यावरचा गहू यांवर त्यांनी काम केले. कमी पाण्यात तेवढाच गहू येतो, जास्तीचे पाणी पिकाला गुदमरवते, हे त्यांनी तिथे करून दाखवले. उसाला पाट सोडून घरी झोपायला जाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पुसाला त्यांचे जमले नाही. तिथे गव्हाचा माणूस वेगळा, किडीचा वेगळा, बुरशीचा वेगळा, मातीचा वेगळा. एकाने दुसऱ्याच्या वाफ्यात पाय टाकायचा नाही. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की शेतकऱ्याच्या रानात माती, पाणी, कीड, बैल आणि माणूस एकत्रच असतात, मग अभ्यास तुकड्यातुकड्यांनी कसा करायचा? त्यांच्या कामाला अडथळे येऊ लागले. शेवटी त्यांनी स्वतःची वेगळी संस्था मागितली, आणि १९२४ मध्ये ती इंदूरला उभी राहिली. होळकर संस्थानाने ३०० एकर जमीन दिली. पैसा आला मध्यवर्ती कापूस समितीकडून आणि मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांकडून. ही जमीन माळव्यातली काळी कापसाची जमीन, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या रानाची सख्खी बहीण. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा.

या संस्थेत मजुरांची व्यवस्थाही वेगळी होती. पगार ठरल्या दिवशी, कामाचे तास कमी, आजारपणात औषध. त्या काळात हे ऐकून लोक हसले असतील. पण थकल्या मजुराकडून दिवसभर रेटून घेतलेल्या कामापेक्षा कमी तासांचे चांगले काम फायद्याचे, असा त्यांचा हिशेब होता. रोजगार हमीची हजेरी लिहिणाऱ्यांनाही हे लागू आहे.

तर इंदूरला प्रश्न असा होता. काळ्या जमिनीला खत पाहिजे. शेणखत पुरत नाही, कारण निम्म्या शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जातात. जनावराचे मूत गोठ्यातच मुरून वाया जाते. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटे, तण, पालापाचोळा एक तर जळतो, नाही तर पडून राहतो. कच्चाच मातीत गाडला तर तो कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पुढचे पीक पिवळे पडते. चीनमधले शेतकरी गावातली प्रत्येक टाकाऊ वस्तू कुजवून रानाला परत देतात, हे हॉवर्ड यांनी किंग नावाच्या अमेरिकन मृदाशास्त्रज्ञाच्या १९११ च्या पुस्तकात वाचले होते. ते इथे कसे बसवायचे, याचे प्रयोग सुरू झाले. या कामात त्यांचा जोडीदार होता यशवंत वाड, रसायनशास्त्रज्ञ. या पद्धतीवर १९३१ मध्ये जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. आपण मात्र वाडांना साफ विसरलो.

पद्धत आता नीट ऐका. खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल, बाजू उतरत्या. जास्त खोल केला की खाली हवा पोचत नाही. कचरा एकाच जातीचा नको, सरमिसळ पाहिजे. ओला हिरवा पाला आधी सुकवून घ्यायचा. पऱ्हाट्या-तुराट्या कठीण असतात, त्या इंदूरला चक्क गाडीवाटेवर पसरत. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा व्हायचा, वेगळी मजुरी नाही. तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे, काम आणखी सोपे.

गोठ्यात जनावरांखाली हा काडीकचरा अंथरायचा, म्हणजे शेण-मूत त्यात मुरते. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची आणि दर तीन-चार महिन्यांनी वरची सहा इंच माती खणून काढून नवी भरायची. ती जुनी, मुताने भिजलेली माती म्हणजे सोने. ती कुटून ठेवायची. मग खड्ड्यात सहा इंच काडीकचऱ्याचा थर, त्यावर दोन इंच शेणाचा, त्यावर मुताची माती आणि लाकडाची राख शिंपडायची, पाणी मारायचे. राख कशाला, तर कुजताना आंबटपणा वाढतो तो मारायला. असे थरावर थर. तुडवायचे नाही. भरून झाल्यावर पहारीने चार-चार फुटांवर उभी भोके पाडायची, म्हणजे आत वारा खेळतो. एका टोकाला थोडी जागा रिकामी ठेवायची, खत पालटायला.

ओलावा निथळलेल्या फडक्याइतका असावा. दोन-चार दिवसांत ढीग तापतो, हात घालवत नाही इतका. आधी बुरशी काम करते, मागून जिवाणू. दोन-तीन आठवड्यांनी पहिली पालटणी, पाचव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी, आणि तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. घाण वास सुटला तर समजा हवा कमी पडली, किंवा पाणी जास्त झाले. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचायचा. खत तयार झाल्यावर उघड्यावर पाडून ठेवू नका, त्यातले नत्र उडून जाते. आपल्या उकिरड्याचे काय होते ते बघा. वर्षभर उन्हा-पावसात पडलेला असतो, अर्धा कुजलेला, अर्धा वाळलेला, त्यात हुमणीच्या अळ्या आणि तणांचे बी. तेच आपण ट्रॉलीने रानात नेतो.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी हिंदुस्थान सोडला. काम पुढे चालू राहिले. चहा-कॉफीच्या मळ्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर घेतली, कारण त्यांच्याकडे मजूरही होते आणि हिशेबही. बंगालच्या डुआर्स भागातल्या गंद्रापारा चहामळ्याचे उदाहरण हॉवर्ड स्वतः देत. संस्थेतल्या जॅक्सन आणि वाड यांनी १९३४ मध्ये गाव-शहराच्या कचऱ्यासाठी आणि मैल्यासाठी हीच पद्धत कशी वापरायची, याची पुस्तिका काढली. ग्रामपंचायतीच्या मंडळींनी हे वाक्य पुन्हा वाचावे. गावचा ओला कचरा वेशीबाहेर ओतायचा की खड्ड्यात रचायचा, या प्रश्नाचे उत्तर नव्वद वर्षांपूर्वी छापून झालेले आहे. १९३५ च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधी इंदूरला आले असताना त्यांनीही या संस्थेत जाऊन हे काम पाहिले.

पण ज्या लहान शेतकऱ्यासाठी हे सगळे केले, त्याने ते मोठ्या संख्येने उचलले नाही. का, ते सरळ बोलायला हवे. दोनदा पालटणी म्हणजे मजुरी. पाणी मारायचे म्हणजे विहिरीला पाणी पाहिजे. आणि चुलीला लाकूड नसेल तर बाई गोवऱ्या थापणारच, तिला व्याख्यान देऊन उपयोग नाही. पुढच्या लोकांनी या अडचणींवर वाट काढली. १९३९ च्या सुमारास आचार्य यांनी पालटणी नसलेली बंगलोर पद्धत आणली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी विटांच्या हवेशीर टाक्याची नाडेप पद्धत दिली, ती कमी शेणात भागते. गोबर गॅसने चूलही पेटते आणि स्लरीही मिळते. गांडूळ खत तर आता घरोघर माहीत आहे. बी सगळ्यांचे एकच, जे रानातून काढले ते कुजवून रानाला परत द्या.

इंग्लंडला गेल्यावर हॉवर्ड यांनी लेखणी उचलली. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. १९४० साली त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक निघाले. त्यात त्यांनी जंगलाचे उदाहरण दिले आहे. जंगलाला कोणी खत घालत नाही, फवारत नाही, तरी ते हजारो वर्षे हिरवे असते. तिथे एकच झाड कुठे नसते, जनावरे, पाखरे, किडे, वाळवी, गांडुळे सगळी कामाला असतात, जमीन कधी उघडी नसते, आणि खाली पडलेले पान वाया जात नाही. शेतकऱ्याने शेती कशी करावी हे तिथे जाऊन शिकावे, असे ते सांगत. जंगल तोडून आणि शिवारातली पाखरे घालवून शेती सुधारत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ. बांधावरचे बाभूळ-कडुनिंब तोडले की त्यावरचे कोतवाल आणि साळुंक्याही जातात, आणि अळ्या वेचायचे त्यांचे काम फवारणी पंपावर येऊन पडते.

खाणाऱ्यालाही त्यांनी सोडले नाही. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य म्हणजे एकच साखळी, असे ते मानत. कुन्नूरला मॅकॅरिसन या डॉक्टरांनी आहारावर केलेल्या कामाचा ते आधार घेत. शहरातल्या माणसाने धान्य घेताना ते कोणत्या मातीत पिकले हे विचारले पाहिजे, नुसता स्वस्त भाव बघू नये, कारण त्या भावात जमिनीचा कस फुकट मोजला जातो, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी हा वेडेपणा ठरला. कुजलेल्या खतावरच्या अन्नाने माणसाचे रोग हटतात असे जे त्यांनी ठामपणे लिहिले, त्याला तेवढा भक्कम पुरावा त्यांच्याकडे नव्हता. ते मान्य करूनही मातीच्या कसाबद्दलचे त्यांचे म्हणणे खोटे ठरत नाही.

रासायनिक खतांना त्यांचा कडाडून विरोध होता. इथे मी त्यांच्या मागे शेवटपर्यंत जात नाही. संकरित वाण आणि बागायती ऊस केवळ कंपोस्टवर आजचे उत्पन्न देईल असे सांगून मी तुमचे नुकसान करणार नाही. पण माती परीक्षणाचा अहवाल घरी असेल तर काढा आणि सेंद्रिय कर्बाचा रकाना बघा. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर तुम्ही टाकलेल्या युरियाचा बराच भाग पिकाला न मिळता वाया जातो आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते पेटवायच्या आधी कुट्टी करून सरीत आच्छादा, किंवा खड्ड्यात घाला.

हॉवर्ड यांनी पुढे गॅब्रिएल यांची धाकटी बहीण लुईस यांच्याशी लग्न केले होते. आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, २० ऑक्टोबर १९४७ रोजी, हॉवर्ड इंग्लंडमध्ये वारले. तोवर अमेरिकेत रोडेल यांनी त्यांच्या विचारांवर मासिक काढले होते आणि इंग्लंडमध्ये मृदा संघटना उभी राहिली होती. सेंद्रिय शेती म्हणून जे आज महागड्या वेष्टनात परदेशातून आपल्याकडे येते, त्याचे एक मोठे मूळ असे पुसाच्या आणि माळव्याच्या शेतकऱ्यांच्या रानात आहे. लुईस यांनी १९५३ मध्ये हॉवर्ड यांच्या हिंदुस्थानातल्या कामावर पुस्तक लिहिले. इंदूरच्या त्या संस्थेच्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय झाले, आणि तिथे शिकणाऱ्या मुलांमध्ये आजही शेतकऱ्यांची मुले असतात.